खेळाचा ताण आणि दुखापत : एनबीएमधील अग्रगण्य खेळाडूंच्या संदर्भात एक चिकित्सा

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या नियमित हंगामात प्रत्येक संघास ८२ सामने खेळावे लागतात. या अतिश्रमामुळेच अग्रगण्य खेळाडू जायबंदी होतात, असा समज रूढ आहे. याउलट, विश्रांतीसाठी सामने वगळल्याने पुढील दुखापतीचा धोका घटतो असे दिसत नाही, असा निष्कर्ष एनबीएने जानेवारी २०२४ मध्ये संघांना दिलेल्या अहवालात मांडला. श्रम म्हणजे सामने आणि मिनिटे, हे गृहीतक मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे. मुळात तेच तपासावयास हवे.

अतिश्रमाचे उदाहरण म्हणून कोबी ब्रायंटचा दाखला नेहमी दिला जातो. १० एप्रिल २०१३ रोजी पोर्टलंडविरुद्ध तो संपूर्ण ४८ मिनिटे खेळला आणि १२ एप्रिलला त्याच्या टाचेमागील अकिलीस कंडरा तुटली. तेव्हा त्याचे वय ३४ होते. येथे कार्यकारणभाव उघड वाटतो. पण त्याच्या वर्षभर आधीचे डेरिक रोजचे प्रकरण या तर्कात बसत नाही. २८ एप्रिल २०१२ रोजी शिकागोचा संघ १२ गुणांनी पुढे असताना, सामना संपण्यास जेमतेम दीड मिनिट उरले असता, रोजच्या डाव्या गुडघ्यातील अस्थिबंध फाटला. प्रशिक्षक टॉम थिबोडो यांनी त्याला मैदानावर ठेवलेच का, यावर पुष्कळ टीका झाली. परंतु त्या वर्षीच्या ६६ सामन्यांच्या हंगामात रोज अवघे ३९ सामने खेळला होता. उरलेले बहुतेक पाठ, जांघ, पायाचे बोट अशा तक्रारींमुळे हुकले. मिनिटांच्या हिशेबात तो 'विश्रांती घेतलेला' खेळाडू ठरतो, शरीराच्या हिशेबात नव्हे.

एनबीएच्या अहवालातील निष्कर्षाची मर्यादाही येथेच दिसते. सामने वगळतो तो बहुधा आधीच कुरकुरणारा खेळाडू, आणि रोज खेळतो तो मुळातच धडधाकट. अशा दोन गटांची तुलना केल्यास विश्रांती निरुपयोगी दिसणे स्वाभाविक आहे. सलग १,१९२ सामने खेळलेल्या ए. सी. ग्रीनचा दाखला देणारे माजी खेळाडूही हीच चूक करतात; जे टिकले नाहीत त्यांची गणती त्यात नसते. शिवाय अहवाल सादर करणाऱ्या संस्थेचे हितसंबंध दुर्लक्षिता येत नाहीत. अग्रगण्य खेळाडू मैदानात दिसणे ही प्रक्षेपणाची पहिली अट असते, आणि २०२४ मध्ये झालेले ११ वर्षांचे प्रक्षेपण करार सुमारे ७,६०० कोटी डॉलरचे आहेत. २०१२ मध्ये सॅन अँटोनियोने चार प्रमुख खेळाडूंना मायामीच्या सामन्याआधी घरी पाठविले, तेव्हा संघास अडीच लाख डॉलर दंड झाला होता, हेही विसरता येत नाही.

म्हणून खरा प्रश्न किती खेळला यापेक्षा कोणत्या अवस्थेत खेळला, हा आहे. २०२३-२४ पासून प्रमुख वैयक्तिक सन्मानांसाठी सर्वसाधारणपणे किमान ६५ सामन्यांची अट आली. जानेवारी २०२४ मध्ये इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनचा मांडीमागील स्नायू दुखावला, तेव्हा या अटीमुळे त्याच्या कराराचे सुमारे ४ कोटी डॉलर पणास लागले होते. या नियमावर त्याने जाहीर नापसंती व्यक्त केली. पुढे जून २०२५ च्या अंतिम मालिकेत तो उजव्या पोटरीच्या दुखापतीसह खेळत राहिला आणि २२ जूनच्या सातव्या सामन्यात, पहिल्याच सत्रात, त्याच पायाची अकिलीस कंडरा तुटली. आधीची दुखापत हेच तिचे कारण, असे निश्चित म्हणता येणार नाही. पण मिनिटांच्या कोष्टकात त्या पोटरीसाठी रकानाच नाही.