‘अविवाहित’ या संज्ञेची व्याप्ती

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ७,३४,८८९ कर्करुग्णांची नोंद तपासली असता, विवाहितांत या रोगाने मृत्यू येण्याचा संभव सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. त्यांचे निदान वेळीच होते व उपचारही पुरते मिळतात. आमचा आक्षेप आहे तो संज्ञेवर. विधवा, घटस्फोटिता व अविवाहिता यांना तेथे एकाच ‘अविवाहित’ रकान्यात घातले आहे. त्या रकान्यात जळगावच्या बहिणाबाई चौधरीही (१८८०–१९५१) पडल्या असत्या. वस्तुतः तरुणपणी वैधव्य येऊनही पुत्रांचा आधार त्यांना होता. उलटपक्षी धुळ्याची एखादी परित्यक्ता कागदोपत्री विवाहितच राहते. पण तिला मुंबईच्या टाटा रुग्णालयापर्यंत नेणारे कोणी असेलच असे नाही. म्हणून खानदेशात असा अभ्यास करावयाचा झाल्यास रुग्णाच्या सोबतीस कोण आहे, याची नोंद प्रथम व्हावी.