माया नृत्यमुखवटे : अस्सलतेच्या निकषाचा पुनर्विचार

ग्वाटेमालातील माया समाजाच्या ‘विजय-नृत्या’त १५२४ च्या स्पॅनिश आक्रमणाचे व किचे योद्धा तेकुन उमानच्या मृत्यूचे नाट्य सादर होते. त्यातील पेद्रो दे आल्वारादोचा गुलाबी वर्णाचा, सोनेरी केसांचा लाकडी मुखवटा माया नर्तकच धारण करतो. जेत्याचा चेहरा जितांचे वंशजच चढवितात. ‘मोरेरिया’ नामक कार्यशाळा हे मुखवटे भाड्याने देतात आणि वेळोवेळी पुन्हा रंगवितात. संग्राहक मात्र बहुधा जुन्या, झिजलेल्या रंगालाच अस्सलतेचा पुरावा मानतात. हा निकष अपुरा आहे. रंगांचे थर ही विकृती नसून प्रयोगपरंपरेची नोंद होय. काचेच्या कपाटात मुखवटा सुरक्षित राहतो. परंतु पराभवाची स्मृती नर्तकाच्या देहातून पुन्हा उभी करण्याचे त्याचे प्रयोजन तेथे संपुष्टात येते.