टॅबलेट : वही, पुस्तक की उपकरण?

महाविद्यालयीन शिक्षणात टॅबलेट आणि मोबाइल वापरावेत की नाही, ही चर्चा आपल्याकडे नेहमी किमतीपासून सुरू होते आणि बहुधा किमतीपाशीच संपते. ‘आकाश’ टॅबलेटची हकीकत या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. जुलै २०१० मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी सुमारे ३५ डॉलरचे, म्हणजे त्या वेळच्या दीड-पावणेदोन हजार रुपयांचे, एक नमुना यंत्र लोकांपुढे ठेवले. ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ या नावाने त्याचे रीतसर अनावरण झाले. सात इंचांचा पडदा, ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि २५६ मेगाबाइट स्मृती असा त्याचा सरंजाम होता. पडद्याला बोट नुसते लावून भागत नसे. चांगले दाबावे लागे. जगातील सर्वांत स्वस्त टॅबलेट म्हणून त्याचे देशोदेशी कौतुक झाले आणि थोड्याच दिवसांत तो संथ असल्याच्या तक्रारीही सुरू झाल्या.

त्यानंतरची टीका जवळजवळ सगळी यंत्रावरच झाली. यंत्र सुमार होते हे खरेच. पण ते उत्तम असते तर काय झाले असते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या वर्गात साठ विद्यार्थी साठ टॅबलेट घेऊन बसले आहेत, अशी कल्पना करू. पन्नास मिनिटांच्या तासात त्या प्राध्यापकाने कालच्यापेक्षा वेगळे नेमके काय करायचे? याचे उत्तर अनावरणाच्या दिवशी तयार नव्हते. पुस्तके त्यात भरता येतील, व्याख्याने पाहता येतील, एवढेच सांगितले जात होते. म्हणजे पाटी नवी, पण तिच्यावरचा धडा जुनाच.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की प्रकल्प पवईच्या आय.आय.टी.कडे आल्यावर हा प्रश्न काही प्रमाणात हाताळला गेला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ सादर झाला. त्याचा प्रोसेसर एक गिगाहर्ट्‌झचा होता आणि पडदा हलक्या स्पर्शाने चालणारा होता. आमच्या मते याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. पवईच्या गटाने त्यावर सी आणि पायथॉनसारख्या भाषांत आज्ञावली लिहिण्याची आणि ‘सायलॅब’ या मुक्त गणिती प्रणालीची सोय केली, आणि अभियांत्रिकीच्या शिक्षकांचे प्रशिक्षण हाती घेतले. वाचायच्या वस्तूचे काम करायच्या वस्तूत रूपांतर करण्याचा तो प्रयत्न होता. परंतु तोवर बाजारात स्वस्त स्मार्टफोन येऊ लागले होते. पुढे योजना मागे पडली आणि तिच्याबरोबर ही चांगली दिशाही विसरली गेली. आम्हाला खंत वाटते ती या दुसऱ्या गोष्टीची.

आता दुसरी बाजू पाहू. टॅबलेट वर्गात नुसता असू दिला तर काय होते, याचा एक काळजीपूर्वक केलेला प्रयोग अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत झाला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचे वर्ग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन प्रकारांत वाटले गेले. पहिल्या प्रकारच्या वर्गांत लॅपटॉप आणि टॅबलेटना बंदी होती. दुसऱ्यात पूर्ण मुभा होती. तिसऱ्यात फक्त टॅबलेट चालत होता, तोही बाकावर सपाट ठेवलेला, म्हणजे पडद्यावर काय चालले आहे ते शिक्षकाला दिसावे. अंतिम परीक्षेत दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या वर्गांचे सरासरी गुण पहिल्यापेक्षा प्रमाण विचलनाच्या सुमारे ०.१८ पट कमी आले. सोप्या भाषेत, शंभरांत बरोबर मध्यावर असणारा विद्यार्थी साधारण सात जागा खाली सरकला. शिक्षकाच्या डोळ्यांसमोर सपाट ठेवलेल्या टॅबलेटनेही फरक पडला नाही, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. वेस्ट पॉइंटचे वर्ग लहान असतात आणि तेथील शिस्तीबद्दल बोलायलाच नको.

मात्र या प्रयोगातून ‘टॅबलेट वाईट’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तेथे टॅबलेटला परवानगी होती, काम नव्हते. व्याख्यान नेहमीसारखेच चालू होते आणि हाताशी एक खिडकी उघडी होती. खिडकीबाहेर पाहणे हा विद्यार्थ्यांचा जुनाच छंद आहे. हाताने टिपणे काढणारे कळफलकावर काढणाऱ्यांपेक्षा चांगले शिकतात, असे सांगणारा २०१४ चा एक अभ्यासही लेखांतून सारखा भेटतो. २०२१ मध्ये तो प्रयोग पुन्हा करून पाहिला गेला, तेव्हा कळफलकवाले शब्दशः अधिक उतरवून घेतात एवढे दिसले, पण परीक्षेतला फरक दिसला नाही. हा दुसरा अभ्यास मात्र लेखांतून क्वचितच भेटतो.

आमची मुख्य तक्रार अशी की या यंत्राकडे आपण वही किंवा पुस्तक म्हणूनच पाहतो. खरे तर प्रत्येक मोबाइलमध्ये मोजमापाची साधने बसवलेली असतात. त्यातल्या त्वरणमापकाचेच पाहा. एका चिपमध्ये सिलिकॉनचा सूक्ष्म ठोकळा सिलिकॉनच्याच लवचीक पट्ट्यांवर तोललेला असतो. त्वरण मिळाले की तो किंचित सरकतो, शेजारच्या पट्ट्यांबरोबरची त्याची विद्युत धारिता बदलते आणि त्यावरून त्वरण कळते. फोन टेबलावर स्वस्थ पडलेला असताना हे उपकरण शून्य नव्हे, तर ९.८ दाखवते, आणि तो खाली पडत असताना शून्य! पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी किती जण याचे कारण पटकन सांगतील? ते सांगताना जी धडपड होते तिच्यात न्यूटनचे नियम खऱ्या अर्थाने शिकले जातात.

जर्मनीतील आखेनच्या तंत्र विद्यापीठाने २०१६ मध्ये ‘फायफॉक्स’ नावाचे विनामूल्य ॲप काढले. ते या संवेदकांच्या नोंदी आलेखासह दाखवते आणि आकडे बाहेरही काढून देते. एक मीटर उंचीवरून फोन उशीवर सोडला, तर सुमारे ०.४५ सेकंद वाचन शून्याजवळ राहते. सेकंदाला १०० नोंदी होत असतील तर हाती ४५ नोंदी लागतात. टोके ओळखण्यात एका नोंदीची चूक झाली तर वेळेत दोन टक्क्यांच्या आसपास त्रुटी येते; सूत्रात वेळेचा वर्ग असल्याने गुरुत्वत्वरणात ती चार टक्क्यांहून थोडी अधिक होते. घड्याळाची कळ दाबण्यालाच आपल्याला ०.२ सेकंद लागतात, तेव्हा हाताने हा प्रयोग करणे व्यर्थच होते. (उशी मात्र जाड घ्यावी, आणि फोन प्राध्यापकांचा असल्यास अधिकच जाड.) चुंबकक्षेत्राचा संवेदक असेल तर लहान चुंबकाचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, हेही तपासता येते.

यात प्रत्येकाला टॅबलेट द्यावा लागत नाही. चौघांत एक साधा फोन पुरतो, आणि उशीवर पडणाऱ्या फोनवरून कोणी कोणाला निरोप पाठवीत बसत नाही. अडचणी आहेतच. स्वस्त फोनमध्ये वायुदाबमापक बहुधा नसतो, काहींत चुंबकीय संवेदकही नसतो. दोन फोनची वाचने तंतोतंत जुळत नाहीत. पण ती का जुळत नाहीत हे शोधणे हाच प्रयोगशाळेतला अर्धा अभ्यास नव्हे काय?

आडते ते भलतीकडेच. प्रात्यक्षिकाच्या वहीत ठरलेले प्रयोग ठरलेल्या क्रमाने उतरवून सही घ्यायची, आणि परीक्षेत त्यांतलाच एक करायचा, ही पद्धत आहे तोवर फोनवर केलेल्या मापनाला गुण कोण देणार? २०२० साली महाविद्यालये बंद पडली, तेव्हा याच फोनवर व्याख्याने झाली आणि हजेऱ्याही लागल्या. खेड्यातून आलेल्या अनेक विद्यार्थ्यांजवळ दुसरा संगणक नाही. फोन हाच त्यांचा संगणक आणि तीच त्यांची प्रयोगशाळा होऊ शकते. तरीही प्रयोगशाळेच्या दारावर ‘मोबाइल आणू नये’ ही पाटी दिसते. अभ्यासमंडळांवर बसणाऱ्या प्राध्यापकांनी प्रात्यक्षिकांच्या यादीत असे दोन प्रयोग घातले, आणि परीक्षेत मापनाइतकेच त्रुटीच्या चर्चेलाही गुण ठेवले, तर त्यासाठी एकही नवा टॅबलेट विकत घ्यावा लागणार नाही.