‘फार्गो’ : हिवाळा, गुन्हा आणि शेजारधर्म

जोएल कोएन आणि ईथन कोएन या बंधूंचा ‘फार्गो’ हा चित्रपट १९९६ साली प्रदर्शित झाला. त्याच वर्षी कान महोत्सवात जोएल कोएन यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. १९९७ मध्ये फ्रान्सिस मॅकडॉर्मंड यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे, तर कोएन बंधूंना स्वतंत्र पटकथेचे ऑस्कर प्राप्त झाले. इतकी मान्यता मिळूनही या चित्रपटावर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. मिनेसोटा राज्यातील गावकऱ्यांची हेल काढून बोलण्याची लकब, त्यांचा अतिरेकी आदबशीरपणा, त्यांचे भरपूर खाणे आणि हवामानाच्या गप्पा यांची हा चित्रपट टर उडवतो, असा तो आक्षेप आहे. तालुक्याच्या गावी अध्यापन करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न परका नाही. गावाकडचे बोलणे हे हशा वसूल करण्याचे हुकमी साधन आहे, अशी समजूत आपल्या नाटक-सिनेमांतही रुजलेली आहे. प्रस्तुत लेखात या आक्षेपाची तपासणी करावयाची आहे. माझे प्रतिपादन असे, की या चित्रपटातील हिवाळा काळजीपूर्वक वाचला, तर बोलीविषयीचा आक्षेप टिकत नाही. मात्र चित्रपटाच्या सहानुभूतीला एक मर्यादा आहे आणि ती अन्य ठिकाणी शोधावी लागते.

कथानक सर्वपरिचित असल्याने ते थोडक्यात सांगतो. मिनिआपोलिसमधील मोटारविक्रेता जेरी लुंडेगार्ड कर्जात बुडालेला आहे. सासरा वेड गुस्टाफसन धनाढ्य, पण जावयाला किंमत न देणारा. जेरी स्वतःच्या पत्नीचे, जीनचे, अपहरण घडवून आणतो. कार्ल व गेअर या दोघा भाडोत्री गुंडांना खंडणी ८० हजार डॉलर्सची असल्याचे सांगून तो त्यातील निम्मा वाटा देऊ करतो. सासऱ्याकडे मात्र दहा लाखांची मागणी झाल्याचे सांगतो. ब्रेनर्ड या छोट्या गावाजवळ रात्री एका पोलिसाचा आणि दोघा वाटसरूंचा खून होतो. तपास येतो गावची पोलीसप्रमुख मार्ज गंडरसन हिच्याकडे. ती सात महिन्यांची गरोदर आहे. (फार्गो हे शहर नॉर्थ डकोटा राज्यातील असून प्रत्यक्षात त्याचा संबंध केवळ आरंभीच्या प्रसंगापुरता येतो.)

मराठी वाचकाला येथे एक अडचण येते. आपल्या साहित्यात हिवाळा हा सुखाचा ऋतू आहे. हुरडा, शेकोटी, कोवळे ऊन हे त्याचे संकेत होत. आपल्याकडे माणसाची परीक्षा पाहणारे ऋतू दोन, पावसाळा आणि उन्हाळा. मिनेसोटाच्या उत्तर भागात पारा उणे २० अंश सेल्सिअसखाली जाणे ही नवलाईची गोष्ट नव्हे. तेथे हिवाळा म्हणजे रोजचे काम असते. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडणे, दारापुढची वाट मोकळी करणे, उतरलेली बॅटरी दुसऱ्याच्या गाडीला वायर जोडून पुन्हा चालू करणे, ही कामे टळत नाहीत आणि यांतील काही तर एकट्याने होतच नाहीत. कोएन बंधू मिनिआपोलिसच्या सेंट लुई पार्क या उपनगरात वाढलेले असल्याने त्यांना हे ठाऊक आहे. गंमत अशी, की १९९५ साली चित्रीकरणाच्या वेळी मिनेसोटातील हिवाळा नेहमीपेक्षा सौम्य निघाला. बर्फ शोधीत कलावंत-तंत्रज्ञांना नॉर्थ डकोटाकडे जावे लागले आणि काही ठिकाणी कृत्रिम बर्फावर भागवावे लागले.

हे रोजचे काम कोण कसे करतो, यातून चित्रपट पात्रांची पारख करतो. मार्जला पहाटे खुनाची वर्दी येते. तिचा नवरा नॉर्म अर्धवट झोपेत उठतो आणि उपाशीपोटी जाऊ नकोस, म्हणून तिच्यासाठी अंडी करतो. ती बाहेर पडते आणि क्षणभरात परत येऊन सांगते, की गाडी सुरू होत नाही, बॅटरीला जोड द्यावी लागेल. रहस्यकथेच्या दृष्टीने या प्रसंगाचे काहीच प्रयोजन नाही. एखाद्या कसबी संकलकाने तो सहज गाळला असता. परंतु गाव कशावर उभे आहे, हे एवढ्याशा प्रसंगात दिसते.

याच्या शेजारी जेरीचा प्रसंग ठेवून पाहावा. वाहनतळाच्या जागेचा व्यवहार सासऱ्याने परस्पर हिसकावून घेतल्यावर जेरी एकटा बाहेर येतो. कॅमेरा खूप उंचावर आहे. खाली पांढऱ्या मोकळ्या मैदानात एकच गाडी आणि तिच्याकडे चालत जाणारा ठिपक्याएवढा माणूस दिसतो. छायालेखक रॉजर डीकिन्स यांची ही चौकट पुष्कळदा वाखाणली गेली आहे. मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. जेरी काच खरवडू लागतो, मध्येच संतापाने हातपाय झाडतो, हातातली प्लास्टिकची पट्टी भिरकावतो. आणि मग मुकाट्याने ती उचलून पुन्हा खरवडू लागतो. थंडीपुढे रागाचे काही चालत नाही. पुढे तसलीच पट्टी कार्लच्या हाती येते. दहा लाखांपैकी ८० हजार बाजूला काढून उरलेली रक्कम तो कुंपणाच्या कडेला बर्फात पुरतो आणि डाव्या-उजव्या बाजूला पाहतो. दोन्हीकडे तेच खांब, तेच कोरे मैदान. खूण म्हणून तो ती पट्टी बर्फात खोचतो. तेथील माणसाला रोज लागणारे साधन या परक्याच्या हाती पडते, तेव्हा त्याचा काडीइतकाही उपयोग होत नाही.

मार्जच्या शोधपद्धतीविषयी अधिक बोलले पाहिजे. झुंजार, धनंजय या बाबूराव अर्णाळकरांच्या नायकांपासून मराठी वाचकाला ज्या साहसाची आणि चातुर्याची सवय आहे, ते येथे नाही. मार्ज बर्फातील पावले पाहून सांगते, की मारेकरी दोन होते, एक धिप्पाड, दुसरा लहानखुरा. लहानखुरा पोलिसाच्या गाडीत बसून जोडीदाराची वाट पाहत होता, हेही ती ताडते आणि तिचा सहकारी लगेच दुजोरा देतो, की बाहेर उभे राहायला थंडी फार असणार. या तर्कामागे थंडीत उभे राहिल्याचा अनुभव आहे. गुन्हेगारालाही थंडी वाजत असणार, हे तिला सुचते, कारण त्याही माणसाला शरीर आहे याचा तिला विसर पडत नाही. त्याच जागी ती एकदम ओणवी होते. सहकाऱ्याला वाटते, आणखी काही सापडले. तिला फक्त गरोदरपणाची मळमळ होत असते.

तपासाचा निर्णायक दुवाही असाच मिळतो. दारापुढच्या वाटेवरचे हिम दूर करणारा एक वृद्ध गावकरी पोलिसाला सांगतो, की मद्यगृहात आलेला एक विचित्र दिसणारा माणूस काहीबाही बडबडत होता. सगळे सविस्तर सांगून झाल्यावर दोघे आभाळाकडे पाहतात आणि थंडी वाढणार यावर त्यांचे एकमत होते. ज्यांना या संवादात केवळ विनोद दिसतो, त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की मूज लेकजवळच्या लपण्याच्या जागेचा माग याच पाल्हाळातून लागतो. संपूर्ण चित्रपटात सफाईने आणि अखंड बोलणारा माणूस कार्ल आहे, आणि त्याच्या बोलण्याने कोणाचेही भले होत नाही.

आदबशीरपणाकडे चित्रपट भाबडेपणाने पाहतो, असे मात्र नाही. जेरीची नम्रता ही त्याची ढाल आहे. मिनिआपोलिसमध्ये मार्जला जुना वर्गमित्र माइक यानागिता भेटतो. तो पत्नीच्या मृत्यूची हकीकत सांगून रडतो. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडून कळते, की ते सारे खोटे होते. हा प्रसंग उपरा असल्याची तक्रार काहीजण करतात. मला ती पटत नाही. त्या दूरध्वनीनंतरच मार्ज पुन्हा जेरीच्या कार्यालयात जाते. गोड बोलणारा माणूस खोटे बोलू शकतो, हे तिला आता ठाऊक झालेले असते. पटकथा हा दुवा शब्दांत सांगत नाही, हे तिचे मोठेपण होय.

आता मर्यादेचा विचार करू. गावकऱ्यांना चित्रपट न्याय देतो, पण जीनला देत नाही. झोपडीपाशी गाडीतून उतरविल्यावर तोंड झाकलेली, हात बांधलेली जीन बर्फात वेडीवाकडी धावते, धडपडते. कार्ल खदखदून हसतो आणि कॅमेराही इतका दूर आणि स्थिर आहे, की प्रेक्षकही हसतो. येथे पांढरे मैदान रंगमंचासारखे वापरले गेले आहे. तिच्या भीतीचा अनुभव चित्रपट आपल्याला जवळून कधीच देत नाही, आणि तिचा मृत्यूही पडद्याआड घडतो. शेवटी गेअरला गाडीत घालून नेताना मार्ज एकेका मृताचा उल्लेख करते आणि थोड्याशा पैशासाठी हे सारे का, असे विचारते. हा चित्रपटातील सर्वांत गंभीर क्षण होय. पण तेथेही जीनचा उल्लेख येतो तो श्रीमती लुंडेगार्ड असा, म्हणजे ज्याने तिला विकले त्याच्या नावाने. मार्जपुरते पाहिले तर यात चूक नाही, कारण ती जीनला ओळखत नव्हती. लेखक-दिग्दर्शक तिला ओळखत होते.

या संदर्भात आरंभीची पाटी आठवावी. ही सत्यकथा असून मिनेसोटात १९८७ साली घडली, हयात असलेल्यांच्या विनंतीवरून नावे बदलली आहेत आणि मृतांविषयीच्या आदरापोटी बाकी सर्व जसेच्या तसे सांगितले आहे, असा तिचा आशय आहे. हा दावा लटका आहे आणि अखेरच्या श्रेयनामावलीत पात्रे काल्पनिक असल्याचे नेहमीचे निवेदन येतेच. या लबाडीची चर्चा बहुधा सत्य आणि कल्पित यांच्या अंगाने होते. मला त्या पाटीतील आदर हा शब्द खटकतो. हयात असलेल्यांमध्ये लुंडेगार्डांच्या घरातला जीनचा मुलगा स्कॉटी आहे. आजोबांचा खून झाल्याचे पाहून जेरी घरी येतो, तेव्हा हा मुलगा विचारतो, की सगळे ठीक आहे ना. जेरी होकार देतो आणि झोपायला निघून जातो. पुढे बिस्मार्क शहराबाहेरच्या मोटेलच्या खिडकीतून पळू पाहताना जेरी पकडला जातो. गेअरही पकडला जातो. नॉर्मने काढलेले बदकाचे चित्र तीन सेंटच्या तिकिटासाठी निवडले जाते आणि नवरा-बायको अंथरुणात बसून दोन महिन्यांनी येणाऱ्या बाळाविषयी बोलतात. स्कॉटीची चौकशी मात्र त्या संवादानंतर चित्रपटातील कोणीही करीत नाही.