पडद्यावरचे पोक्त मूल

जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली तेथे जन्मलेल्या नारायणाची एक कथा आपण सर्वांनी ऐकलेली असते. मूल दिसेना म्हणून आई शोधू लागली, तर ते अंधारात एकटेच बसलेले. काय करतोस, असे विचारता त्याने सांगितले, की साऱ्या जगाची काळजी करतो आहे. कथा म्हणून ती गोडच आहे. पण आपल्या चित्रपटांतले हुशार मूल या साच्यातून फारसे बाहेर पडलेले नाही, अशी आमची तक्रार आहे. ते मोठ्यांचे वाक्य बोलते आणि मोठी माणसे थक्क होतात. ते वाक्य त्याला सुचले कसे, हे कोणी विचारत नाही.

प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) मध्ये हे खपून जाते. जेथे भिंत चालते, तेथे मुलाने प्रौढासारखे बोलावे यात नवल कसले? अडचण होते ती हाच साचा साध्या घरातल्या मुलाला लावला की. असे मूल पडद्यावर कधी चुकतच नाही.

जाँ पियाजे यांची हकिगत येथे आठवते. १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये बुद्धिमापन चाचण्यांचे काम करताना त्यांचे लक्ष बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांकडे गेले. एका वयाची मुले साधारण एकाच तऱ्हेने चुकत होती. म्हणजे चुकांमागेही विचार होता, फक्त तो मोठ्यांचा नव्हता. पटकथेत नेमका हाच भाग गाळला जातो.

परेश मोकाशी यांचा 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. नायक पंढरपूरचा, नाव पुन्हा ज्ञानेशच. तो न्यूटनवर कीर्तन करतो. प्रेक्षक खूष होतात, आम्हीही झालो; पण तेथे आपल्याला कळते ते मुलाचे पाठांतर. चित्रपट खरा रंगतो तो पुढे. कर्जापायी आईचे विणकामाचे यंत्र गेलेले, वडिलांनी बनवलेली सायकल आता विकावी लागणार. मग मुले यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडायचे ठरवतात. माल कोठून आणायचा, किती पैसे सुटतील, आईला सांगायचे की नाही, यावर त्यांची जी खलबते चालतात त्यांत बुद्धी दिसते, आणि ती वयाला शोभणारी आहे.

गंमत अशी, की पडद्यावर ज्याला आपण चुणचुणीत म्हणतो त्यालाच वर्गात आगाऊ म्हणतो. या चित्रपटातला गण्या तर तोंडाचा फटकळ, शिव्या देणारा. शाळेत चित्रपट दाखवायचा म्हटले की मुख्याध्यापकांना त्याचीच धास्ती वाटेल. तरी दाखवावा, आणि दुकानाचा बेत ठरतो तेथे थांबवून मुलांना त्यांचा हिशेब मांडायला सांगावा. गण्याला मात्र कापू नये.