डीमिक्स आवाज मिसळतं, पण सांगत नाही

लिनक्सवर ऐकण्याचा प्रयोग लावणार आहात? म्हणजे समोरच्याला आवाज ऐकवायचा आणि त्याने बटण दाबेपर्यंतचा वेळ मोजायचा. मग मधला मिक्सर नीट बघून घ्या. तोही तुमच्या उपकरणाचाच भाग आहे, पण मेथड्स लिहिताना त्याचं नाव सहसा राहून जातं.

अल्साचं डीमिक्स घेऊ. बऱ्याच साउंड कार्डांना एका वेळी एकच प्रवाह घेता येतो. ब्राउझर वाजत असेल तर प्लेअर गप्प. डीमिक्सचा तोडगा मला अजूनही आवडतो, कारण त्यात वेगळा सर्व्हरच नाही. सगळे प्रोग्राम शेअर्ड मेमरीतल्या एकाच बफरमध्ये आपापले नमुने मिळवत जातात. बेरीज मर्यादेबाहेर गेली की छाटली जाते, बस.

गडबड पुढे आहे. बेरीज करायची तर सॅम्पल रेट एकच हवा, म्हणून डीमिक्स एक रेट धरून बसतं, बहुतेक वेळा ४८००० हर्ट्झ. तुमची फाईल ४४१०० ची असेल तर दर १४७ नमुन्यांचे १६० होतात, आणि जादा प्लगइन नसेल तर अल्साचा स्वतःचा कन्व्हर्टर नुसतं रेषीय इंटरपोलेशन करतो. गाण्याला चालेल हो, पण 'स' आणि 'श' मधला फरक तपासताना नाही, कारण तो फरक वरच्या फ्रीक्वेन्सींतच असतो.

वेळेचंही तसंच. पीरियड १०२४, बफर ४०९६ ही सेटिंग जो तो कॉपी करतो. ४८००० ला भरलेला बफर म्हणजे ८५ मिलिसेकंद. स्थिर उशीर वजा करता येतो. पण मिक्सर आधीच चालू असेल तर तुमचा आवाज कुठल्या क्षणी आत शिरला त्यावर उशीर बदलू शकतो, आणि एक पीरियडच २१ मिलिसेकंदांचा आहे. अल्साच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पॅरामीटर नावानिशी आहेत. कुठला का बदलायचा, हे मात्र तुम्हीच शोधायचं!

फेडोरा ३४ ने २०२१ मध्ये पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आणलं. डिफॉल्ट रेट तिथेही ४८०००. फरक एवढाच की पीडब्ल्यू-टॉप चालवलं की कोण कुठल्या रेटवर आहे ते समोर दिसतं. मला हा फरक मोठा वाटतो.

तोवर फाईली आधीच चांगल्या कन्व्हर्टरने ४८००० ला आणून ठेवा. नाहीतर मिक्सर टाळून थेट हार्डवेअर डिव्हाइस उघडा. तेवढा वेळ ब्राउझर गप्प बसेल, आणि प्रयोग चालू असताना तो बसलेलाच बरा.