उच्चपर्वतीय कुरणांतील मृदा-कार्बन आणि पुनर्स्थापना : एक चिकित्सा

प्रस्तावना :
चिंगहाई-तिबेट पठाराची सरासरी उंची ४००० मीटरहून अधिक आहे. पीत नदी, यांगत्से व मेकाँग यांचा उगम येथेच होतो. येथील कुरणांतील बहुतांश कार्बन गवताच्या पात्यांत नसून जमिनीखाली असतो. थंडीमुळे सेंद्रिय द्रव्याचे विघटन मंदावते व कोब्रेसिया या वनस्पतीच्या मुळांचा दाट, चिवट थर तयार होतो. हा थर उखडला की काळी माती उघडी पडून धुपते व साठलेला कार्बन निसटू लागतो.

धोरणाचे स्वरूप :
या ऱ्हासाचा दोष प्रामुख्याने अतिचराईला व पायका या ससावर्गीय बिळवासी प्राण्याला देण्यात आला. २००३ मध्ये चीन शासनाने चराई थांबवून कुरणे सावरण्याचा कार्यक्रम हाती घेतला. कुंपणे, गवताची पेरणी व पशुपालकांचे स्थलांतर ही त्याची साधने होत. परंतु पायका हा पठारावरील जैवविविधतेचा आधार असल्याचे स्मिथ व फॉगिन यांनी १९९९ मध्येच मांडले होते. एमिली येह यांनी २००५ मध्ये या कार्यक्रमामागील गृहीतकांची चिकित्सा केली.

मूल्यमापनातील उणिवा :
कुंपणामुळे कार्बन वाढतो, हा दावा तीन कारणांनी तपासून घ्यावा लागतो. पहिले म्हणजे, कार्बनची टक्केवारी आणि कार्बनचा साठा या भिन्न बाबी आहेत. जनावरांच्या खुरांनी दबलेली माती चराई थांबल्यावर सैल होते. त्यामुळे टक्केवारी वाढूनही तेवढ्याच खोलीतील साठा वाढेलच असे नाही. तुलना समान वजनाच्या मातीची हवी. दुसरे, केवळ वरच्या थराचे नमुने खोलवरच्या बदलांविषयी मौन बाळगतात. तिसरे, कुंपणाच्या आतील व बाहेरील जमिनीची तुलना करताना दोहोंची आरंभीची स्थिती सारखीच मानली जाते. शिवाय आतली जनावरे बाहेर गेल्यास तेथील चराईचा ताण वाढतो आणि फरक फुगून दिसतो.

निष्कर्ष :
तीव्र ऱ्हास झालेल्या जमिनीवर पेरणी व विश्रांती उपयुक्त ठरू शकते. मात्र सुस्थितीतील कुरणास तोच उपाय लावणे समर्थनीय नाही. दीर्घकाळात साचलेला कार्बन काही वर्षांच्या कुंपणाने परत येत नाही. म्हणून शाबूत मूळथराचे रक्षण हेच प्रथम कर्तव्य ठरते. ज्या मोजमापाच्या आधारे पशुपालकाला त्याच्या कुरणापासून दूर केले जाते, ते मोजमाप निर्दोष असणे ही केवळ शास्त्रीय नव्हे, तर न्यायाचीही अट आहे.